चीन टूरचा रिव्ह्यू: सर्व्हिस एक नंबर, पण मॅनेजरभाऊंचं बोलणं पटलं नाही

जळगावच्या एका टूरवाल्यांसोबत ग्वांगझूच्या कॅन्टन फेअर या मोठ्या व्यापारी प्रदर्शनाला आणि तिथून बीजिंगला जाऊन आलो. आमचा एमआयडीसीत चटईचा धंदा, मशिनरी बघायची होती. व्हिसा, हॉटेल, फेअरचा बॅज सगळं टाइमवर, सोबत महाराज होता म्हणून तिकडेही वरण-बट्टी आणि ठेचा मिळाला. याला पूर्ण मार्क.

आता जे खटकलं ते. मॅनेजरभाऊ बसमध्ये रोज माइक घेऊन एकच सांगायचे, की बीबीसी-सीएनएनवाले चीनबद्दल सगळं खोटं दाखवतात, बघा कुठं दिसते का दडपशाही. काही बाबतीत त्यांचं खरंय. रात्री बारालाही पोरीबाळी एकट्या बिनधास्त फिरतात, चौकात म्हाताऱ्या बाया स्पीकर लावून नाचतात. आणि सरकार प्रत्येक माणसाला मार्क देतं असं जे विदेशी चॅनलवाल्यांनी कितीतरी वर्षं दाखवलं, तसा देशभर एकच स्कोअर वगैरे काही नाहीये, कोर्टाचा आदेश असून पैसे न भरणाऱ्यांची यादी आहे, तिच्यात नाव गेलं की विमानाचं न् फास्ट ट्रेनचं तिकीट मिळत नाही.

पण भाऊ, दडपशाही बसच्या खिडकीतून कशी दिसेल? तिआनमेन चौकात जायला आधी बुकिंग, मग पासपोर्ट चेक. आमच्यातल्या एका पोराने तिथल्या गाइड ताईंना 1989 चं, म्हणजे लोकशाही मागणाऱ्या आंदोलकांवर लष्कराने गोळ्या झाडल्या त्याचं, विचारलं तर त्यांचा चेहराच उतरला, काही न बोलता पुढं चालायला लागल्या. मी पोराला बाजूला घेऊन सांगितलं, बाबा आपण चार दिवसांनी घरी जाऊ, तिला इथंच राहायचंय. लोकशाहीसाठी लढणारे चिनी लेखक लिऊ शियाओबो यांना 2010 ला शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा ते तुरुंगात होते आणि 2017 ला शिक्षा चालू असतानाच गेले. चीनच्या शिनजियांग प्रांतातल्या उइगुर मुस्लिम लोकांचे जे हाल केले ते मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात, हे 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने लिहिलंय, कोण्या चॅनलने नाही. आपल्याकडे आणीबाणीत गाड्या टाइमवर धावायच्या म्हणून खूश असलेले लोक होतेच की, अन् त्याच वेळी पेपरवर सेन्सॉर बसलेला होता, माणसं जेलात होती. भुसावळच्या जुन्या रेल्वेवाल्यांना विचारा.

आणि व्हॉट्सॲप, गुगल, फेसबुक तिथं बंद आहे हे निघायच्या आधी कोणी सांगितलंच नाही. हॉटेलच्या वायफायवर घरी फोन लागेना, घरचे घाबरले, तर भाऊ म्हणे नेटवर्क प्रॉब्लेम आहे. नेटवर्क एकदम फुल होतं, सरकारने बंद करून ठेवलंय ते, सरळ सांगा ना! ज्यांनी इकडूनच रोमिंग घेतलेलं त्यांचं व्हॉट्सॲप चालू होतं, कारण तो डेटा आपल्या कंपनीच्या नेटवर्कमधून फिरून येतो. जाणाऱ्यांनी रोमिंग घ्याच, आणि अलीपेला (तिकडचं पैसे भरायचं मोबाइल ॲप) कार्ड इथूनच जोडून ठेवा, तिकडे रोख पैसे सहसा कोणी धरत नाही.

5 पैकी 4 स्टार. पुढची बॅच एप्रिलच्या फेअरला नेणार म्हणतात, तेव्हा या सूचना छापून द्या आणि बसमधली भाषणं बंद करा.