टाकीतला 'ब्लू लॉबस्टर': जळगाव-धुळ्यात विकत घ्यावा का?

फिश टँकच्या दुकानात 'ब्लू लॉबस्टर', 'मिनी लॉबस्टर' म्हणून जे विकतात ते लॉबस्टर नव्हे. लॉबस्टर समुद्रातला. हा गोड्या पाण्यातला क्रेफिश, झिंगे आणि खेकड्यांच्या भाऊबंदांपैकी. भारतातल्या कुठल्याच नदी-तळ्यात तो मूळचा नाही. दिसण्याला पाचपैकी पाच गुण द्यावेत. विकत घेण्याच्या दृष्टीने मात्र एकच, आणि तोही दुकानदार जनावर परत घेणार असेल तरच.

पिशवीत बांधून घेण्याआधी जात ओळखा. रंगावर जाऊ नका, कारण एकाच जातीत लाल, निळे, पांढरे असे सगळे रंग मिळतात. जनावर पांढऱ्या टबात ठेवून नीट पाहा. नांग्यांवर खरखरीत गाठी असतील आणि पाठीच्या कवचावरच्या दोन रेघा मध्यभागी एकमेकींना चिकटल्या असतील, तर तो बहुधा अमेरिकेतला रेड स्वॅम्प क्रेफिश. मोठ्या नराच्या नांगीच्या बाहेरच्या कडेला मऊ लाल पट्टा असेल, तर तो ऑस्ट्रेलियाचा रेडक्लॉ. नांग्या लहान, अंगावर संगमरवरासारखी नक्षी आणि घोळक्यात एकही नर नाही, असा माल दिसला तर तसाच परत फिरा. तो मार्बल्ड क्रेफिश. त्याच्या सगळ्या माद्याच, आणि नराशिवाय अंडी घालतात. १९९०च्या दशकात जर्मनीतल्या शौकिनांच्या टाक्यांत तो पहिल्यांदा लक्षात आला, पुढे मादागास्करच्या भातशेतीपर्यंत पोचला. "एकच न्या, पिल्लं आपोआप होतील" असं विक्रेता कौतुकाने सांगतो. घेऊ नये याचं कारण नेमकं तेच आहे. अमेरिकी जातींतला नर ओळखायला जनावर उलटं करा: पोटाखालच्या पायांची पहिली जोडी टणक होऊन पुढे, चालायच्या पायांच्या मधे वळलेली दिसते.

पाळायचाच असेल तर एका जनावराला किमान ६० लिटरची टाकी लागते. दोन ठेवले की एकाने कात टाकली, कवच मऊ पडलं, की दुसरा त्याला खातो. म्हणून लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा टाका. टाकलेली कात उचलू नका, त्यातला कॅल्शियम तो परत खातो. आपल्याकडचं जड बोअरचं पाणी, ज्याने नळ पांढरे पडतात, ते कवचाला उलट चांगलं. नळाचं पाणी मात्र क्लोरीन काढूनच वापरा. माशांच्या रोगावरचं तांबं असलेलं औषध टाकीत गेलं तर क्रेफिश मरतो. झाडं तो कातरतो, रात्री तळाशी झोपलेले मासे पकडतो. एप्रिल-मेमध्ये पाणी ३० अंशांवर गेलं आणि वीज गेली की प्राणवायू घटतो. मग हवेची नळी धरून तो वर चढतो. झाकणावर वजन ठेवा आणि नळीच्या भोकाभोवती स्पंज कोंबा. टाकी रिकामी दिसली की लोकांना तो मेला असं वाटतं, तोवर तो मोरीपर्यंत पोचलेला असतो.

खरी किंमत इथून पुढे सुरू होते. जपानने १९२७मध्ये बेडकांना खाद्य म्हणून मोजके रेड स्वॅम्प क्रेफिश आणले, ते देशभर पसरले. अखेर २०२३मध्ये तिथे त्यांच्या विक्रीवर आणि सोडण्यावर बंदी आली. स्पेनमध्ये ग्वादाल्किव्हिर नदीच्या दलदलीत १९७०च्या दशकात ते पैदास करून विकण्यासाठी सोडले. भाताच्या बांधांत बिळं पाडून त्यांनी पाणी वाहू दिलं. मासेमारांना नवा धंदाही मिळाला, म्हणूनच उपटून काढायला कोणी तयार नसतं. अमेरिकी जाती क्रेफिश प्लेगचा बुरशीसारखा रोगजंतू अंगावर वागवतात. स्वतः सहसा मरत नाहीत, पण युरोपातले मूळ क्रेफिश त्याने कित्येक ठिकाणी साफ झाले. रेडक्लॉही त्याला बळी पडतो, म्हणून ऑस्ट्रेलियाचा आणि अमेरिकेचा माल एका टाकीत घालू नका.

खानदेशात धोका कुठे, तर पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यायच्या जुन्या सिंचनात. तिथलं पाणी पाट-चाऱ्यांतून फिरतं, आणि मातीच्या काठात हातभर बीळ पडलं तर पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही. पाटकरी उंदराला किंवा खेकड्याला दोष देईल. "नदी उन्हाळ्यात आटते, तिथे काय जगणार?" हा युक्तिवादही टिकत नाही. रेड स्वॅम्प क्रेफिश ओल्या मातीत बीळ करून कोरडा काळ काढतो आणि जमिनीवरून दुसऱ्या डोहाकडे चालतही जातो. तिलापिया हा परदेशी मासा १९५२मध्ये देशात आला. तो आज कुठल्या धरणात नाही?

नको झालेला क्रेफिश जळगावच्या मेहरूण तलावात, धुळ्याच्या नकाणे तलावात, शेततळ्यात किंवा नाल्यात सोडू नका. दुकान परत घेत नसेल तर रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग पुरा. टाकीचं पाणी कापडातून गाळून अंगणातल्या मातीत ओता, कारण पिल्लं फार बारीक असतात. जाळी, बादली आणि खडी दोन दिवस कडक उन्हात वाळवा. मे महिन्यात ऊन फुकटच आहे.