पॅक आणि एनव्हीडीए: आठ महिने तळटीपांशी झटापट केल्यावर

मी पुस्तकांची मांडणी करते. गेल्या वर्षी एका इतिहासाच्या पुस्तकाची टॅग केलेली पीडीएफ करायचं काम आलं, म्हणजे मजकुराचा प्रत्येक भाग काय आहे (शीर्षक, परिच्छेद, तळटीप, लिंक) हे सांगणाऱ्या अदृश्य खुणा असलेली फाइल. पानं अडीचशे, तळटीपा चारशेच्या वर. तेव्हापासून पॅक २०२४ हा पीडीएफ तपासणारा प्रोग्राम आणि एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, रोज वापरतेय. दोन्ही फुकट आहेत. पॅक फक्त विंडोजवर चालतो.

पॅकमध्ये फाइल टाकली की पीडीएफ/यूए या सर्वांना वापरता येणाऱ्या पीडीएफच्या मानकाच्या निकषांवर ती कुठे नापास झाली ते दाखवतो. दुरुस्ती मात्र करत नाही, ती पीडीएफ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्येच करायची. पहिल्याच दिवशी लाल फुल्यांचा सडा पडला. तळटीपेच्या प्रत्येक नोट टॅगला स्वतंत्र आयडी हवा, तो एकीलाही नव्हता. लिंकांचं दुखणं वेगळं. निळं, अधोरेखित दिसलं म्हणजे लिंक झाली असं नाही. लिंक टॅगच्या पोटात मजकूरही लागतो आणि क्लिक होणाऱ्या भागाकडे बोट दाखवणारी नोंदही, जिला टॅगांच्या झाडात, म्हणजे वाचनाचा क्रम ठरवणाऱ्या टॅगांच्या उतरंडीत, ओबीजेआर म्हणतात. दोन ओळींत मोडलेल्या पत्त्यांनी तर जीव काढला. अर्धा पत्ता एका टॅगात, उरलेला दुसऱ्यात, त्यामुळे एकच लिंक दोनदा ऐकू यायची.

लिंकेला पर्यायी वर्णनही, म्हणजे ती कुठे नेते हे सांगणारा मजकूर, द्यावं लागतं. कंटाळून मी सगळीकडे ‘लिंक’ एवढंच भरलं. पॅकने हिरवा कौल दिला, मीही खूश! मग एका दृष्टिहीन निवृत्त सरांना फाइल ऐकायला दिली. त्यांनी इन्सर्ट आणि एफ७ दाबून लिंकांची यादी उघडली आणि हसले. “अहो ताई, ही यादी आहे की पाढा?” वर्णन आहे की नाही एवढंच पॅक पाहतो. त्यात काय लिहिलंय ते त्याच्या डोक्यावरून जातं. आता मी ‘तळटीप १२ कडे’, ‘तळटीप १२ वरून मजकुराकडे परत’ असं लिहिते. परतीची लिंक नसेल तर ऐकणारा पानाच्या तळाशी अडकून पडतो.

सरांनीच आणखी एक चूक पकडली. एका ठिकाणी १८५७ या सालाला लागूनच तळटीप १२ चा वर चढवलेला आकडा होता, लिंक मात्र तुटलेली. कानाला थेट ‘१८५७१२’! डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे कधीच खटकणार नाही.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला तो तळटीप झाडात कुठे ठेवायची याने. आकड्याला चिकटून ठेवली तर वाक्याच्या मध्येच चार ओळींचा संदर्भ वाचला जातो आणि मूळ वाक्य हातचं निसटतं. पानाच्या शेवटी ठेवली तर पुढच्या पानावर गेलेला परिच्छेद मधोमध तुटतो. मी शेवटी लांब टीपा परिच्छेद संपल्यावर आणि शब्दार्थाच्या एक-दोन शब्दी टीपा आकड्याजवळच ठेवल्या. नियमांत दोन्ही बसतं, पॅकला दोन्ही चालतं.

एनव्हीडीएमधल्या ईस्पीक या बोलणाऱ्या प्रणालीचा मराठी आवाज यंत्रासारखा आहे, जोडाक्षरांवर अधूनमधून ठेचकाळतो. मला पंधरा दिवसांत सवय झाली, सर तर दुप्पट वेगाने ऐकतात. आता पॅक मी रोज संध्याकाळी एकदा चालवते. एनव्हीडीए मात्र दर प्रकरणानंतर, पडदा बंद करून, पुढच्या लिंकेवर नेणारी ‘के’ ही कळ दाबत दाबत एकेक लिंक ऐकते.