जुन्या हीटिंगचा तबकडीवाला टायमर आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट

पाणी तापवणारा बॉयलर, ते फिरवणारा पंप आणि त्या पाण्याने खोली उबदार करणारे रेडिएटर अशी जुनी यंत्रणा असलेल्या घरांत तबकडीचा यांत्रिक टायमर आणि साधे गोल बटण असलेला थर्मोस्टॅट ही जोडी अजूनही चालू अवस्थेत आढळते. ती काढून डिजिटल उपकरणे बसवण्याचा सल्ला लगेच दिला जातो. माझ्या मते ही जोडी टिकाऊ आणि विश्वासार्ह आहे, मात्र तिच्यावरच्या खुणा वापरणाऱ्याला फारच थोडे सांगतात आणि बहुतेक तक्रारींचे मूळ तिथेच असते.

टायमरला तापमान कळत नाही आणि थर्मोस्टॅटला वेळ कळत नाही. दोघांचे स्विच सहसा एकाच मार्गात एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे टायमरची वेळ चालू असेल आणि त्याच वेळी खोली ठरवलेल्या तापमानापेक्षा थंड असेल, तरच बॉयलर पेटतो. सकाळी टायमर चालू होऊनही बॉयलर गप्प राहिला, तर खोली आधीच पुरेशी उबदार असू शकते. आणि दुपारी टायमर बंद असताना थर्मोस्टॅट कितीही फिरवला तरी काही घडणार नाही. एवढे लक्षात ठेवले तरी दुरुस्तीसाठी माणूस बोलावण्याचे बरेच प्रसंग टळतील.

टायमरच्या २४ तासांच्या तबकडीवर बहुधा १५ मिनिटांची एक अशा ९६ खुंट्या असतात. खुंटी बाहेर ओढली की चालू की आत दाबली की चालू, हे बनावटीनुसार बदलते, म्हणून बाजूची खूण आधी पाहावी. तबकडी फक्त बाणाच्या दिशेने फिरवावी. वीज गेली की साधे घड्याळ थांबते आणि जितका वेळ वीज नव्हती तितके ते त्यानंतर मागे राहते, त्यामुळे हीटिंग अवेळी सुरू होऊ लागले तर सर्वप्रथम घड्याळ तपासावे. शनिवार-रविवारसाठी वेगळी वेळ लावता न येणे ही मात्र खरी उणीव आहे. सात दिवसांची यांत्रिक तबकडी मिळते, पण तिच्यातली एक खुंटी अनेकदा दोन तासांची असते आणि बारीक नियोजनाला ती अपुरी पडते.

थर्मोस्टॅटकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. त्याच्या आत दोन धातूंची एकत्र जोडलेली पट्टी असते, जी तापमानानुसार वाकून स्विच उघडते किंवा मिटते. काही जुन्या नमुन्यांत स्विचचे काम पाऱ्याची काचेची नळी करते. हा स्विच केवळ चालू-बंद जाणतो. म्हणून बटण २० अंशांवरून २८ वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त तापणे उशिरा थांबते. रेडिएटरमधले पाणी किती गरम असावे हे बॉयलरवरचे वेगळे बटण ठरवते.

आतला एक छोटा रोध, म्हणजे वीज वाहताना किंचित तापणारा भाग, मला या उपकरणातला सर्वांत हुशार भाग वाटतो. खोली तापत असताना तो पट्टीला किंचित जास्त ऊब देतो, जेणेकरून बॉयलर थोडा आधीच बंद होतो आणि रेडिएटरमधली उरलेली उष्णता खोलीला ठरवलेल्या अंशापर्यंत नेते. घरगुती विजेवर चालणाऱ्या अनेक नमुन्यांत या रोधाला न्यूट्रलची तार लागते आणि बसवणारे ती कित्येकदा जोडतच नाहीत. मग खोली आधी नकोइतकी तापते, नंतर बरीच थंड होते, आणि दोष सगळा थर्मोस्टॅटच्या माथी येतो. नवे उपकरण घेण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून ही एक तार तपासून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

जागाही महत्त्वाची. जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर, आतल्या भिंतीवर, ऊन, वाऱ्याचा झोत आणि रेडिएटर यांपासून दूर थर्मोस्टॅट असावा. त्याच खोलीतल्या रेडिएटरवर स्वतंत्र तापमान-व्हॉल्व्ह (खोली तापली की त्या रेडिएटरचे पाणी आपोआप बंद करणारा) असेल तर तो पूर्ण उघडा ठेवावा; तो आधी बंद झाला तर थर्मोस्टॅटचे समाधान कधीच होत नाही आणि बॉयलर विनाकारण चालत राहतो.

ज्या घरांत दिनक्रम ठरलेला आहे, तिथे ही जोडी बदलण्याचे कारण मला दिसत नाही. वेळा रोज बदलत असतील, किंवा दृष्टी कमी झाल्यामुळे खुंट्या दिसत नसतील, तर मोठ्या अक्षरांचे डिजिटल उपकरण जरूर घ्यावे. मात्र काही थर्मोस्टॅट २४ व्होल्टवर चालतात, तर काहींच्या तारांत घरातली पूर्ण वीज असते आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा झाकण काढण्याआधी मुख्य पुरवठा बंद करावा, नव्या उपकरणाचे व्होल्टेज जुळते का ते पाहावे आणि पाऱ्याची नळी निघाली तर ती कचऱ्यात न टाकता घातक कचऱ्याच्या संकलनाकडे द्यावी.