रेषेजवळ उभं राहायचं की गॅलरीत बसायचं?

पोराची फुटबॉल मॅच आहे, कुठं थांबायचं? कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर गॅलरी आहे, उघड्या मैदानावर मात्र चुन्याची रेषाच जवळची.

आधी पोराच्या लक्षाचं. रेषेवरून "मार की रं!" असं ओरडलं की बॉल पायात असतानाच पोरगं बापाकडं बघतं. तेवढ्यात समोरचा बॉल काढून नेतो. कोच "थांब" म्हणतो, बाप "पुढं जा". पोरगं मधेच अडकतं. गॅलरीत एकट्याचा आवाज गर्दीत विरतो. पण तिथं पेठापेठांतली ईर्षा जागी होते, आणि समोरच्या टीमच्या बारक्या पोरांना मारलेले टोमणे आपलं पोरगंही ऐकून शिकतं.

रेफ्रीवरचा राग दोन्हीकडं सारखाच फुकट. ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना पुढचा खेळाडू बचावाच्या पलीकडं होता का, हे कळायला शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत उभं असावं लागतं. मध्यरेषेजवळून तिरकंच दिसतं. खेळाची मांडणी मात्र उंचावरून छान कळते.

दुखापत झाली तर रेषेवरून लवकर पोचता येतं, पण रेफ्रीनं बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. लाइन्समनला पळायला दोन-तीन मीटर मोकळं सोडा. गोलमागं तर उभंच राहू नका, गोलकीपर बिथरतो.

सात-आठ वर्षांच्या नवख्या पोराला आई-बाप दिसलेले बरे: रेषेवर, कोचच्या समोरच्या बाजूला, फक्त टाळ्या. बारा-तेराच्या पुढं गॅलरीच. आणि ज्यांना गप्प राहवतच नाही, त्यांनी वय न बघता सगळ्यात वरची पायरी धरावी.