एक्को ‘स्ट्रीट’: गोल्फच्या बुटाचा तळ पाहून केलेले परीक्षण

गोल्फचे बूट घेताना बहुतेक खेळाडू चामडे, शिवण आणि रंग बारकाईने पाहतात, पण बूट उलटा करून तळ निरखणारे थोडेच. एक्को या डॅनिश कंपनीच्या ‘स्ट्रीट’ बुटाचे खरे वैशिष्ट्य मात्र तळातच आहे. 2010 च्या मास्टर्स या अमेरिकेतल्या ऑगस्टा इथे होणाऱ्या मानाच्या स्पर्धेत पन्नास वर्षांचे अमेरिकन गोल्फपटू फ्रेड कपल्स यांनी पहिल्या फेरीत अवघे 66 फटके घेऊन आघाडी मिळवली, तेव्हा त्यांच्या पायांत याच घडणीचे, खिळे नसलेले बूट होते, आणि तेही मोज्यांशिवाय. रस्त्यावर घालायचे वाटावेत असे बूट घालून ऑगस्टाच्या उतरत्या ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) कोणी आघाडी घेऊ शकतो, हे त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले.

पूर्वी गोल्फच्या बुटांना धातूचे खिळे असत आणि त्यांनी ग्रीनवर भोके नि ओरखडे पडत. 1990 च्या दशकात फिरवून बसवायचे प्लॅस्टिकचे खिळे रूढ झाले. ‘स्ट्रीट’च्या तळाला खिळा बसवण्याची जागाच ठेवलेली नाही. टीपीयू या चिवट प्लॅस्टिकचे छोटे ठोकळे तळातूनच वर आलेले आहेत. कंपनीच्या सांगण्यानुसार असे सुमारे 100 ठोकळे असून त्यांच्या कडांमुळे पकडीचे 800 कोन तयार होतात. आकड्यांपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती या ठोकळ्यांची मांडणी. बोट फिरवून पाहिले तर कडा वेगवेगळ्या दिशांना अडतात, त्यामुळे पाय कोणत्याही बाजूला सरकू लागला तरी त्याला रोखणारी एखादी कड तिथे असतेच. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा उजवा पाय फटका मारताना आतल्या कडेने जमीन मागे रेटतो, तर डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर सगळ्या शरीराचा पीळ येऊन पडतो. चार-दोन ठिकाणी खोल रुतण्याऐवजी इथे वजन अनेक लहान टेकूंवर वाटले जाते. कोरड्या फेअरवेवर (ग्रीनकडे जाणाऱ्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) पाय घट्ट राहतो, आणि मैदान ते क्लब हाऊस चालताना तळपायाला खिळ्यांचे टोचणे जाणवत नाही.

या नक्षीची दुसरी बाजू कायद्याची आहे. अमेरिकेत बुटाच्या तळाच्या नुसत्या दिसण्यावरही डिझाइन पेटंट घेता येते. त्यात हक्क शब्दांपेक्षा आकृत्यांतूनच ठरतो, तुटक रेषांनी दाखवलेला भाग सहसा हक्काबाहेर राहतो आणि मुदत 15 वर्षांची असते. भारतात 2000 च्या डिझाइन कायद्यानुसार आधी 10 आणि मग वाढवून आणखी 5 वर्षे संरक्षण मिळते. दोन्हीकडे अट अशी की आकार केवळ उपयोगामुळे ठरलेला नसावा. त्यामुळे अनेक कंपन्यांच्या तळांवर षट्कोन, लाटा आणि बोधचिन्हे यांची गर्दी दिसते आणि त्यातले बरेचसे गवताला टेकतही नाही. मला असली सजावट मनापासून खटकते, कारण तळावर जागा मोजकीच असते आणि पकड न देणारा प्रत्येक आकार ती जागा अडवतो. ‘स्ट्रीट’चा तळ देखणा आहे, पण त्याचे देखणेपण ठोकळ्यांच्या लयीतूनच आले आहे, वरून चिकटवलेले नाही.

मर्यादा या प्रकारच्या सगळ्याच तळांना आहेत. प्लॅस्टिकचा खिळा झिजला तर नवा बसवता येतो. इथे ठोकळे झिजले की बूटच बदलावा लागतो. म्हणून रस्त्यावर चालण्याची मुभा असली तरी डांबरावर रोज फिरणे परवडणारे नाही. शिवाय ठोकळ्यांमधल्या फटी अरुंद असल्याने ओल्या हरळीचे तुकडे आणि चिकट माती त्यांत अडकून बसते, आणि फटी भरल्या की कडा जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. जून ते सप्टेंबर पुण्या-नाशकाकडच्या मैदानांवर, विशेषतः चढ-उतार जास्त असतील तिथे, फिरवून बसवायच्या खिळ्यांचा जोड वापरावा असेच मी सुचवेन. ऑक्टोबरपासून मेपर्यंत मात्र चालत अठरा होलांची पूर्ण फेरी खेळणाऱ्याने हा बूट अवश्य घ्यावा. खेळ संपल्यावर मऊ ब्रशने फटी साफ कराव्यात आणि बूट सावलीत वाळवावा, म्हणजे कडाही मोकळ्या राहतील आणि वरचे चामडेही कडक होणार नाही.