फिरत्या पाळ्या आणि दंडावरचा ग्लुकोज सेन्सर: वापरून झाल्यावर

इन्सुलिनवर आहे, तिन्ही पाळ्यांत मशीनवर उभा असतो. दंडाच्या मागे चिकटवायचा 14 दिवसांचा सेन्सर बराच काळ वापरतोय. रात्री झोपणाऱ्यांचे रिव्ह्यू ढिगाने सापडतात, म्हणून हा आपल्यासारख्यांसाठी.

आकड्यापेक्षा शेजारचा, साखर कुठे चाललीय ते दाखवणारा बाण कामाचा. 110 आणि बाण आडवा, तर मी पुढचा जॉब लावतो. तेच 110 आणि बाण खाली, तर मशीनला हात लावायच्या आधी खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या तोंडात. बोट टोचून दोन्ही वेळा नुसतं 110 दिसलं असतं. पहाटे तीनला डोकं जड होणं, हात गळणं सगळ्यांचंच होतं. साखर उतरतेय की झोप येतेय, हे अंगावरून कळत नाही. एवढ्यासाठी तरी घ्यावा.

ॲप मात्र रात्री झोपणाऱ्या माणसाने बनवलंय. रोजचा आलेख 12 वाजता तुटतो. माझी नाईट 10 ते 6, म्हणजे एका पाळीचे दोन तुकडे दोन तारखांत. सरासरीची रेषा तर विचारूच नका. त्यातले पहाटेचे तीन म्हणजे काही दिवस मी गाढ झोपेत आणि काही दिवस नुकताच जेवून कामाला लागलेला. अशा खिचडीवरून डॉक्टर डोस बदलत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं. मी वेबवरून फक्त नाईटच्या आठवड्याच्या तारखा निवडून वेगळा रिपोर्ट काढतो, तो ते नीट बघतात.

अलार्मची पोच सेन्सरपासून 6 मीटरच्या आसपास. मोबाइल लॉकरमध्ये ठेवावा लागत असेल तर तो लॉकरलाच ऐकू येणार. वेगळा रीडर (मोबाइलऐवजी आकडा दाखवणारं छोटं यंत्र) मिळतो, तो जवळ ठेवायची परवानगी आधीच काढून घ्या. दिवसा फोन सायलेंट करून झोपत असाल तर साखर उतरल्याचा, म्हणजे 'लो'चा, अलार्म तरीही वाजतो ना, हे जागेपणी तपासा. सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबाने खोटा लो दाखवतो. बोट टोचून खात्री होते, झोप गेली ती गेलीच.

सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, त्यामुळे काही मिनिटं मागे असतो. लो झाल्यावर 15 ग्रॅम ग्लुकोज, 15 मिनिटं थांबा, मग बोट टोचून मीटरवर बघा. सेन्सरवरचा आकडा चढेना म्हणून गोळ्या ढोसत बसू नका. पहिल्या दिवशी नवा सेन्सर जरा भरकटतो, तेव्हा तो सुट्टीच्या आदल्या दिवशी लावा, नाईटला जाताना नको.

बेसलची (रोज एकदा घ्यायच्या, हळूहळू काम करणाऱ्या इन्सुलिनची) वेळ काही सेन्सर ठरवत नाही. डॉक्टरांनी मला रात्रीचे 9 दिलेत, कारण तिन्ही पाळ्यांत तेव्हा मी जागा असतो. सेकंड पाळीला ब्रेकमध्ये इन्सुलिनचं पेन काढावं लागतं, एवढंच.

पाचपैकी साडेतीन. दिवस कधी सुरू होतो हे मला ठरवू दिलं तर आणखी एक देईन.