चार रविवारांचा उमेदवार वर्ग : नागपुरातील एका शिकवणीचे परीक्षण

महानगरपालिकेची निवडणूक लढवू इच्छिणाऱ्या सामान्य नागरिकांसाठी धंतोलीतील एका जुन्या सभागृहात गेल्या नोव्हेंबरात जो चार रविवारांचा वर्ग झाला, त्यात मी शुल्क भरून बसले होते आणि 15 जानेवारी 2026 च्या निवडणुकीत अपक्ष म्हणून उभी राहून त्या शिकवणीचा उपयोग किती होतो हेही पाहिले. वर्ग चालविणारे दोघे निवृत्त पालिका कर्मचारी, एक सर आणि एक मॅडम, आपली नावे छापू नयेत असे सांगतात, म्हणून ती देत नाही. शुल्क बाराशे रुपये होते. त्यात दुपारचे जेवण आणि नमुना अर्जांची एक जाड फाइल मिळाली.

पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला आपल्या वस्तीतील दहा कामे लिहायला सांगितली. मानेवाडा भागात मी नऊ वर्षे बचत गट चालविते आणि नाली, गडर लाइन, पथदिवे यांसाठी झोन कार्यालयाच्या पायऱ्या झिजविते, त्यामुळे माझी यादी पाच मिनिटांत तयार झाली. नंतर सरांनी प्रत्येक कामापुढे ते कोणाचे, हे लिहायला लावले : महापालिकेचे, नागपूर सुधार प्रन्यासचे (शहरातील ले-आउट विकसित करणारी वेगळी संस्था), महावितरणचे, पोलिसांचे की राज्य शासनाचे. माझ्या दहांपैकी चार कामे महापालिकेची नव्हतीच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 63 मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि कलम 66 मध्ये ऐच्छिक कामे आहेत, ही विभागणी मला नऊ वर्षांत कोणी समजावून सांगितली नव्हती. नागपुरात तर हे समजणे फारच गरजेचे आहे, कारण येथे ‘572 आणि 1900 ले-आउट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, मुळात परवानगीविना वसलेल्या वस्त्यांतील रहिवासी रस्ता, पाणी आणि नालीसाठी प्रन्यास आणि महापालिका यांच्यामध्ये वर्षानुवर्षे हेलपाटे घालत आले आहेत. ‘‘ताई, जे तुमच्या हाती नाही त्याचे वचन देऊ नका; त्याचा पाठपुरावा कसा कराल ते सांगा,’’ असे सर म्हणाले, आणि माझे पत्रक मी त्याच रात्री नव्याने लिहिले.

दुसऱ्या रविवारी सभागृहात कोणी बसले नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या ज्या वस्त्यांत पाणी शिरले, तेथे आम्हाला पायी नेण्यात आले. प्रत्येक पुलाजवळ थांबून या पात्राची सफाई कोणत्या झोनकडे येते, तिची निविदा कोणत्या महिन्यात निघायला हवी आणि नगरसेवक तो प्रश्न कोठे मांडू शकतो, याची उत्तरे आम्हालाच शोधायची होती. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपल्यामुळे त्या पुराच्या रात्री शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. लोकांनी फोन कोणाला करायचा, हा प्रश्न सरांनी तेथे उभे राहून विचारला तेव्हा कोणालाच बोलवेना. महापालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीत 16 सदस्य असतात. त्यात जागा न मिळालेल्या नगरसेवकाने सभागृहातील लेखी प्रश्न आणि झोनच्या बैठका यांचा उपयोग कसा करावा, हे याच फेरीत शिकविले गेले. चारही रविवारांत मला सर्वांत मोलाची वाटली ती ही पायपीट.

कागदपत्रांचा दिवस रुक्ष होता, पण चोख. वयाची 21 वर्षे, अर्जावर आपले नाव सुचविणारा प्रभागाचाच मतदार म्हणजे सूचक, 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झालेले नसणे, महापालिकेशी कंत्राटाचा संबंध नसणे, मालमत्ता आणि गुन्हे यांचे शपथपत्र, शौचालय वापराचे प्रमाणपत्र, निवडणूक खर्चाचे स्वतंत्र बँक खाते, निकालानंतर 30 दिवसांत सादर करायचा हिशेब : हे सर्व एकेक नमुना हाती घेऊन भरून घेतले गेले. माझा अर्ज छाननीत एकाही आक्षेपाशिवाय टिकला, त्याचे श्रेय मी या दिवसाला देते. निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असल्याने वर्गात आम्ही बायका बऱ्याच होतो आणि काहींचे यजमान सोबत येऊन त्यांच्या वतीने उत्तरे देत होते. मॅडमनी त्यांना चहा देऊन नम्रपणे बाहेरच्या बाकावर बसविले. त्यानंतर ज्या मैत्रिणी गप्प होत्या, त्याच सर्वांत नेमके प्रश्न विचारू लागल्या.

वर्ग कमी पडला तो चौथ्या रविवारी. नागपुरात 38 प्रभाग आणि 151 जागा आहेत; शेवटचा वगळता प्रत्येक प्रभागातून चार नगरसेवक निवडले जातात. 2011 च्या जनगणनेतील 24 लाख लोकसंख्या धरली तरी एका प्रभागात साठ हजारांहून अधिक माणसे येतात. दहा गल्ल्यांत घरोघर ओळख असलेल्या बाईने उरलेल्या वस्त्यांत कसे पोहोचावे, कोणत्या मंडळाशी, कोणत्या विहाराशी, कोणत्या भिशीच्या गटाशी आधी बोलावे, हे त्या दिवशी शिकवायला हवे होते. त्याऐवजी दोन तास सभेतील भाषण कसे करावे यात गेले, आणि सभा घेण्याइतके पैसे आमच्यापैकी फार थोड्यांकडे होते. मतदाराला अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी स्वतंत्रपणे बटण दाबावे लागते. एकाच उमेदवाराला मत द्यायला आलेल्या आजीबाईंना हे दारात उभे राहून कसे समजवायचे, याची तालीम झालीच नाही. अपक्षाला चिन्ह अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर मिळते आणि तेव्हा मतदानाला दोन आठवडेही उरलेले नसतात. पत्रकाचा मजकूर आधी जुळवून ठेवून छपाईवाल्याकडे केवळ चिन्हाची जागा मोकळी ठेवावी, ही साधी सूचना मला वर्गात नव्हे, इतवारीतील छापखान्यात मिळाली.

मी निवडून आले नाही, पण खर्चाचा हिशेब वेळेत दिला आणि यादीतील सहा कामांचा पाठपुरावा त्याच फाइलमधून चालू आहे. जो आपल्या वस्तीत आधीपासून काम करतो आहे त्याने हे बाराशे रुपये अवश्य खर्च करावेत. ज्याला केवळ तिकीट हवे आहे त्याला येथे काही मिळणार नाही. चौथ्या रविवारी भाषणाऐवजी दारोदार फिरण्याची तालीम ठेवावी, असे मी दोघांनाही लेखी कळविले आहे, आणि त्या दिवशी आमच्या वस्तीत वर्ग आणायचा असेल तर माझे अंगण मोकळे आहे, असेही त्या पत्रात लिहिले आहे.